अंतरा : तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शन सुरक्षितपणे कसे घ्यावे?

दोन मुलांमध्ये अंतर हवे आहे, रोज गोळी घेणे जमत नाही आणि तांबी बसवून घ्यायची भीती वाटते, अशा अनेक महिला सरकारी दवाखान्यात ‘तीन महिन्यांचे इंजेक्शन’ मागतात. त्याचे शासकीय नाव ‘अंतरा’ आहे. केंद्र सरकारच्या कुटुंब नियोजन कार्यक्रमात ते २०१७ पासून सरकारी आरोग्य संस्थांमधून मोफत दिले जाते. इंजेक्शन परिणामकारक आहे, पण वेळेवर घेतले तरच. पहिल्या डोसनंतर पाळी बदलली की घाबरून अनेक जणी दुसऱ्या डोसला येत नाहीत आणि नको असताना दिवस राहतात. असे होऊ नये म्हणून पुढील माहिती नीट वाचा. घरात वाचता न येणारी कोणी असेल, तर तिला वाचून दाखवा.

अंतरा म्हणजे काय?

या इंजेक्शनमध्ये मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट (एमपीए) नावाचे संप्रेरक असते. एका डोसमध्ये १५० मिलिग्रॅम औषध स्नायूत दिले जाते. ते अंगात हळूहळू मिसळते आणि तीन महिने काम करते. या काळात स्त्रीबीज बाहेर पडत नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, त्यामुळे शुक्राणू आत जाऊ शकत नाहीत. काही निवडक जिल्ह्यांत हेच औषध कमी मात्रेत त्वचेखाली देण्याचा प्रकारही उपलब्ध आहे.

सर्व डोस वेळेवर घेतले, तर वर्षभरात १०० पैकी एकीलाही क्वचितच दिवस राहतात. तारीख चुकत गेली तर हे प्रमाण १०० मध्ये सुमारे ४ पर्यंत जाते. म्हणजे या साधनाचा सगळा भरवसा तारखेवर आहे.

कोठे मिळते? खर्च किती?

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालय येथे हे इंजेक्शन मोफत मिळते. प्रशिक्षित परिचारिका असलेल्या उपकेंद्रातही पुढचे डोस घेता येतात. पहिल्या डोसपूर्वी मात्र डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. इंजेक्शन, सिरिंज किंवा कार्डासाठी कोणी पैसे मागितल्यास देऊ नका.

मिशन परिवार विकास लागू असलेल्या राज्यांत लाभार्थी महिलेला दर डोसमागे १०० रुपये देण्याची तरतूद आहे. उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान, झारखंड, छत्तीसगड व आसाम ही यातली सुरुवातीची सात राज्ये आहेत. इंदूर, बऱ्हाणपूर, छिंदवाडा, बालाघाट किंवा रायपूर भागात राहणाऱ्या मराठी भाषक महिलांनी याबाबत आपल्या आशाताईकडे चौकशी करावी. महाराष्ट्रात इंजेक्शन मोफत आहे. पण ही रक्कम मिशनच्या राज्यांपुरतीच आहे, हे ध्यानात घ्यावे.

कोणी घेऊ शकते?

• मूल झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही महिला.
• अंगावर पाजणाऱ्या माता, प्रसूतीनंतर ६ आठवडे पूर्ण झाल्यावर. दूध कमी होत नाही आणि बाळाला अपाय होत नाही.
• बाळाला अंगावर पाजत नसलेल्या माता, प्रसूतीनंतर लगेच.
• गर्भपात झालेल्या महिला, लगेच किंवा ७ दिवसांच्या आत.
• एचआयव्ही बाधित महिला. त्यांनी सोबत निरोधही वापरावा.

पाळी सुरू झाल्यापासून ७ दिवसांच्या आत इंजेक्शन घेतल्यास दुसऱ्या कोणत्याही साधनाची गरज लागत नाही. इतर दिवशीही, दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून, ते घेता येते. मात्र त्यानंतर ७ दिवस निरोध वापरावा लागतो.

डॉक्टरांना काय काय सांगावे?

तपासणीच्या वेळी लाजून किंवा घाईत काही लपवू नका. पुढीलपैकी काही असेल तर हे इंजेक्शन तुमच्यासाठी योग्य नसू शकते :

• दिवस राहिल्याची शंका.
• बाळ ६ आठवड्यांपेक्षा लहान आणि अंगावर पिणारे.
• रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून जास्त.
• कारण न कळलेला योनिमार्गातील रक्तस्राव.
• स्तनाचा कर्करोग, सध्या किंवा पूर्वी झालेला.
• पक्षाघात, हृदयविकार किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गाठ.
• अनेक वर्षांचा मधुमेह, किंवा डोळे, मूत्रपिंड, नसा यांवर परिणाम झालेला मधुमेह.
• यकृताचा गंभीर आजार किंवा गाठ.
• मेंदूच्या आवरणाची गाठ, सध्या किंवा पूर्वी झालेली.

टीबी, फिट्स किंवा अन्य आजाराची औषधे चालू असतील तर त्यांची पाकिटे सोबत न्या. नाव आठवत नसले तरी पाकीट पाहून डॉक्टरांना कळते.

इंजेक्शन घेताना आणि घेतल्यावर

इंजेक्शन दंडावर, कमरेखाली किंवा मांडीवर देतात. कोठे घ्यायचे ते तुम्ही सांगू शकता. सिरिंज नवीन आहे आणि पाकीट तुमच्यासमोर फोडले आहे, हे पाहा. हे विचारण्यात संकोच नको.

इंजेक्शन दिलेली जागा चोळू नका. तिथे शेक देऊ नका. चोळल्याने किंवा शेकल्याने औषध लवकर अंगात मिसळते आणि तीन महिने पुरत नाही. पाय दुखतो म्हणून सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी दिली, तरी त्या दिवशी ती त्या जागी ठेवू नका. दुखणे एक-दोन दिवसांत कमी होते. जागा लाल होऊन सुजली, गरम लागली किंवा पू झाला, तर दवाखान्यात दाखवा.

निघण्यापूर्वी एमपीए कार्ड मागून घ्या. त्यावर आजची आणि पुढची तारीख लिहिलेली असते. कार्ड हा तुमच्या डोसचा पुरावा आहे.

तारीख कशी मोजावी?

समजा, तुम्ही १० जानेवारीला इंजेक्शन घेतले. पुढची तारीख १० एप्रिल. काही कारणाने त्या दिवशी जाणे शक्य नसेल, तर दोन आठवडे आधी, म्हणजे २७ मार्चपासून ते घेता येते. उशीर झालाच, तर चार आठवड्यांपर्यंत, म्हणजे ८ मेपर्यंत, नेहमीप्रमाणे घेता येते. हे चार आठवडे अडचणीसाठी आहेत. दर वेळी उशीर करण्यासाठी नाहीत.

चार आठवडेही उलटून गेले, तर निरोध वापरायला सुरुवात करा आणि दवाखान्यात जा. दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करून पुन्हा इंजेक्शन देतात. त्यानंतर ७ दिवस निरोध वापरावा. मधल्या काळात निरोधाशिवाय संबंध आला असेल, तर ७२ तासांच्या आत तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल आशाताई किंवा सिस्टरला विचारा. जितक्या लवकर घ्याल तितका उपयोग जास्त.

गाव सोडून जाणार असाल तर

ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम किंवा हंगामी मजुरीसाठी अनेक कुटुंबे सहा-सहा महिने बाहेर असतात. ऊसतोडीला दिवाळीच्या आसपास निघालेली महिला उन्हाळ्यातच परत येते. तोपर्यंत एक, कधी दोन डोस चुकतात. म्हणून निघण्यापूर्वी कार्डावरील तारीख पाहा. तारीख दोन आठवड्यांच्या आत येत असेल, तर इंजेक्शन घेऊनच निघा. कार्ड आधार कार्डासोबत ठेवा आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. ज्या गावी काम आहे तेथील सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवून पुढचा डोस मागता येतो, मग राज्य कोणतेही असो. तिथे पोहोचणे जमणार नाही असे वाटत असेल, तर निघण्यापूर्वीच दुसऱ्या साधनाबद्दल बोलून घ्या.

पाळी बदलते, तेव्हा काय समजावे?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. अंतरा घेतल्यावर जवळजवळ प्रत्येकीच्या पाळीत काही ना काही बदल होतो. पहिल्या काही महिन्यांत मधेमधे डाग लागतात, पाळी जास्त दिवस चालते किंवा अनियमित होते. वर्षभर इंजेक्शन घेतल्यावर अनेकींची पाळी बंद होते. इंजेक्शन थांबवल्यावर ती पुन्हा सुरू होते.

‘पाळीचे रक्त पोटात साठून राहते, त्याची गाठ होते’ असे अनेक घरांत सांगितले जाते. ते खरे नाही. या औषधामुळे गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते. जे तयारच झाले नाही, ते साठणार कसे? उलट, रक्त कमी गेल्यामुळे रक्तक्षय असलेल्या महिलांना याचा फायदा होतो. मात्र डोस वेळेवर घेतलेले नसतील आणि पाळी चुकली, तर आधी गर्भ तपासणी करून घ्या.

काहींचे वजन थोडे वाढते, डोके दुखते, चिडचिड होते किंवा उदास वाटते. त्रास जास्त असेल तर सहन करत बसू नका. रक्तस्राव थांबवण्यासाठी मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणून घेऊ नका. दवाखान्यात त्यावर औषध मिळते.

इंजेक्शन चालू असताना हाडांची घनता थोडी कमी होते आणि बंद केल्यावर ती पुन्हा भरून येते. दोन वर्षांहून अधिक काळ घ्यायचे असल्यास डॉक्टरांशी बोलून ठरवा.

लगेच दवाखान्यात केव्हा जावे?

• नेहमीच्या दुप्पट रक्त जात असेल किंवा ८ दिवसांपेक्षा जास्त काळ जात असेल.
• डोके खूप दुखत असेल, डोळ्यांसमोर अंधारी येत असेल किंवा अंधूक दिसत असेल.
• छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा एक पाय सुजून दुखत असेल.
• डोळे किंवा त्वचा पिवळी पडली असेल.
• दिवस राहिल्याची लक्षणे असतील किंवा ओटीपोटात तीव्र वेदना असतील.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा मूल हवे असेल तर?
इंजेक्शन बंद करा. वांझपणा येत नाही, पण थोडा उशीर लागतो. शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिन्यांनी दिवस राहू शकतात. लवकरच मूल हवे असेल तर दुसरे साधन निवडणे बरे.

नवऱ्याची सही लागते का?
नाही. हे साधन घ्यायचे की नाही हा निर्णय तुमचा आहे. घरी सांगायचे की नाही हेही तुम्हीच ठरवायचे. कार्ड घरी ठेवणे अडचणीचे असेल तर तसे सिस्टरला सांगा आणि पुढची तारीख लक्षात ठेवण्याचा दुसरा मार्ग ठरवा.

यामुळे गुप्तरोग किंवा एचआयव्ही टळतो का?
नाही. त्यासाठी निरोध आवश्यक आहे.

नको वाटले तर सोडता येते का?
केव्हाही. पुढचा डोस घेतला नाही की झाले. पण दिलेला डोस अंगातून काढता येत नाही, त्याचा परिणाम ओसरेपर्यंत थांबावे लागते. सोडताना दुसरे साधन हाताशी ठेवा. निरोध, माला-एन, आठवड्याची ‘छाया’ गोळी आणि तांबी ही साधनेही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. कोणतेही एकच साधन घेण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही.

लक्षात ठेवा

तपासणी करून घ्या. जागा चोळू नका, शेकू नका. कार्ड जपा, तारीख पाळा. पाळी बदलली म्हणून डोस सोडू नका. आधी आशाताई, सिस्टर किंवा डॉक्टरांना विचारा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या प्रकृतीबाबतचा निर्णय जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.