अंधाराची मोजदाद

१ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा निघून वाशिम जिल्हा झाला, तेव्हा इथल्या खेड्यांत अंधार फुकट मिळत होता. पुढे भारनियमनाने तो सक्तीचाच केला. लोक अंगणात खाटा टाकून वैतागत, पण वर आकाश चांदण्यांनी गच्च भरलेलं असे.

त्याच सुमारास, २००६मध्ये, अमेरिकेतून ‘ग्लोब ॲट नाइट’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात दुर्बीण लागत नाही. चंद्र नसलेल्या रात्री बाहेर थांबायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, ठरलेलं नक्षत्र शोधायचं आणि दिलेल्या नकाशांपैकी कोणता आपल्या आकाशाशी जुळतो ते कळवायचं. बस्स.

आपल्याकडे २०१५पासून एलईडी पथदिव्यांची योजना आली आणि पिवळे दिवे पांढरे होत गेले. २०२२च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग कारंजा, मालेगावच्या शिवारातून धावू लागला. उजेड हवाच होता. त्यातला काही वर आभाळात का जावा, हे मात्र कोणी विचारलं नाही.

जानेवारी २०२३मध्ये संशोधक ख्रिस्तोफर कायबा आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ‘ग्लोब ॲट नाइट’च्या २०११ ते २०२२ या काळातल्या ५१,३५१ नोंदींचा हिशेब मांडला. आकाशाचा उजळपणा दरसाल सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत होता. म्हणजे एखाद्या मुलाच्या जन्माच्या वेळी जिथे २५० तारे दिसत, तिथे त्या मुलाच्या अठराव्या वर्षी शंभरच उरतात. उपग्रहांना ही वाढ नीट दिसली नव्हती, कारण एलईडीचा निळसर उजेड आणि आडवा पसरणारा झोत त्यांच्या नजरेतून निसटतो. साध्या डोळ्यांनी यंत्रावर केलेली ही मात मला फार आवडते. उणीव एवढीच, की बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या आहेत.

विदर्भानेच २०२४च्या जानेवारीत एक पाऊल टाकलं. पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी आसपासच्या गावांतले पथदिवेही बदलले गेले. वाशिमचं तर आकाशाशी नातं जुनं: जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा, म्हणजे रेखांश मोजायची मूळ रेषा, इथूनच जाते अशी समजूत आहे, आणि तिची खूण म्हणून मध्यमेश्वराचं देऊळ दाखवतात. आपल्या शेतकऱ्याला पेरणीचा मृग पाठ. पण जूनमध्ये सूर्यच तिथे असल्याने तो दिसत नाही. तो पाहायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा शाळामास्तरांनो, येत्या माघातल्या अवसेला पोरांना गावाबाहेर न्या, मृग दाखवा आणि ‘ग्लोब ॲट नाइट’ला नोंद पाठवा.