सिरिक्वा कोठे गेले?

केनियाच्या पश्चिमेकडील उंच प्रदेशात, डोंगरउतारांवर, गवताने झाकलेले असंख्य गोल खळगे आढळतात, आणि ते कोणी खणले असे विचारले असता नांदी, किप्सिगिस आदी समाजांतील वृद्ध सिरिक्वा या लोकांचे नाव घेतात. लांब शिंगांच्या गुरांचे कळप बाळगणारे हे लोक आपल्या आधी येथे नांदत होते आणि मासाई पशुपालकांनी त्यांना दक्षिणेकडे पिटाळले, असे त्यांची मौखिक परंपरा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला वृत्तांत, सांगते.

हे खळगे दीर्घकाळ माणसांची जमिनीखालची घरे मानले जात. नाकुरूजवळच्या हायरॅक्स हिल येथे मेरी लीकी यांनी 1937 मध्ये उत्खनन सुरू केले, तेव्हाही हाच समज रूढ होता. पुढे 1960 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जॉन सटन यांनी दाखवून दिले की ते गुरांचे गोठे होते. उताराच्या बाजूला अरुंद वाट ठेवलेली असे, तिच्याशेजारी गोठ्यातून काढलेल्या शेणमातीचा उंचवटा साचत जाई, आणि लगतच्या घराचे दार गोठ्यातच उघडत असल्यामुळे रात्री गुरे चोरायला आलेल्या टोळीला तेथे शिरणे अवघड होई. गुरांची आठवण जपणारी परंपरा या बाबतीत विद्वानांच्या तर्कापेक्षा सत्याच्या अधिक जवळ होती, याची नोंद आदराने घ्यायला हवी.

मात्र सिरिक्वा ‘नाहीसे झाले’ असे म्हटले जाते, तेव्हा हे शब्द जपून वाचावे लागतात. केनियातीलच किकुयू लोकांच्या कथांतील ठेंगणे गुंबा लोक जमिनीच्या पोटात गडप होतात. सिरिक्वांच्या बाबतीत मात्र कथेबरोबर कुळेही उरली आहेत, कारण कालेंजिन (म्हणजे नांदी, किप्सिगिस आदी) आणि मासाई या दोन्ही समाजांत काही कुळे आपला उगम सिरिक्वांकडे नेतात. सुमारे बाराव्या ते अठराव्या शतकापर्यंत टिकलेली ही गोठ्यांची पद्धत मासाईंच्या मोठ्या स्वाऱ्यांपुढे निरुपयोगी ठरली असावी, आणि राहणी बदलली तसे नावही मागे पडले असावे, असे मानण्यास म्हणूनच आधार मिळतो. लोकसमूहाचे नाव किती अलीकडचे असू शकते, हे ‘कालेंजिन’ या शब्दावरूनही दिसते. ‘मी तुम्हाला सांगतो’ असा त्याचा अर्थ असून, नांदी, किप्सिगिस आणि त्यांच्या भाषाभगिनी समाजांचे सामायिक नाव म्हणून तो 1940 च्या दशकात रूढ झाला.