डिझेलच्या चिठ्ठीपासून कार्डापर्यंत : छोट्या वाहतूकदाराला फ्युएल कार्ड परवडते का?

दिंद्रुड (ता. माजलगाव) : बीड-परळी रस्त्यावरच्या या पट्ट्यात ऊस, कापूस, सोयाबीन सगळे गाडीवरच हलते. जवळच तेलगावचा साखर कारखाना असल्याने हंगामात ट्रक आणि ट्रॅक्टरची वर्दळ वाढते. कर्ज काढून एक-दोन गाड्या घेतलेल्या मालकाचा हप्ता ठरलेला असतो, भाडेही बऱ्याचदा आधीच ठरते. वर-खाली होते ते डिझेल. मालक घरी आणि चालक रस्त्यावर, अशा वेळी डिझेलचा हिशोब जुळला नाही की संशय चालकावर जातो. हा हिशोब कागदावर आणण्याचा एक मार्ग म्हणजे फ्युएल कार्ड.

फ्युएल कार्ड म्हणजे नेमके काय?

ग्रामीण भागाला याची जुनी आवृत्ती ठाऊक आहे, ती म्हणजे डिझेलची चिठ्ठी. ठरलेल्या पंपावर चिठ्ठी दाखवायची, डिझेल टाकायचे आणि पैसे नंतर द्यायचे. अनेक साखर कारखानेही ऊस वाहतूकदारांना असेच उधारीवर डिझेल देतात आणि रक्कम वाहतुकीच्या बिलातून कापतात.

कार्ड हेच काम करते, पण एका पंपाऐवजी त्या कंपनीच्या देशभरातील पंपांवर. इंडियन ऑइलचे ‘एक्स्ट्रापॉवर’, भारत पेट्रोलियमचे ‘स्मार्टफ्लीट’ आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे ‘ड्राइव्हट्रॅक प्लस’ ही यातली ओळखीची नावे. मालक आपल्या खात्यात आगाऊ पैसे भरतो. प्रत्येक गाडीच्या क्रमांकाचे वेगळे कार्ड मिळते. चालक पंपावर कार्ड देतो, पिन टाकतो आणि मालकाच्या मोबाईलवर संदेश येतो.

रोख किंवा यूपीआयपेक्षा वेगळे काय?

यूपीआयने पैसे गेल्याची नोंद राहते. पण ते कोणत्या गाडीसाठी गेले आणि त्यातून डिझेलच घेतले की आणखी काही, हे त्या नोंदीतून कळत नाही. कार्डावर मालकाला मर्यादा घालता येते : दिवसाला किती रुपये, कोणते इंधन, कोणती गाडी. महिनाअखेरीस गाडीनिहाय तक्ता मिळतो.

चालकालाही फायदा आहे. रात्रीच्या प्रवासात खिशात डिझेलची मोठी रोकड बाळगावी लागत नाही. कुठे, कधी, किती डिझेल टाकले याची नोंद तयार असल्याने खर्चीचा हिशोब देताना त्याच्या शब्दाला आधार मिळतो.

गळती कशी कळते?

समजा, जाऊन-येऊन ८०० किलोमीटरची फेरी आहे. ट्रक लिटरला ४ किलोमीटरचे ॲव्हरेज देतो, म्हणजे २०० लिटर डिझेल लागेल. लिटरचा भाव ९० रुपये धरला तर खर्च १८,००० रुपये. हेच ॲव्हरेज ३.६ वर आले तर सुमारे २२२ लिटर लागतील आणि एका फेरीत जवळपास २,००० रुपये जास्त जातील. महिन्याला अशा सहा फेऱ्या धरल्या तर १२,००० रुपये.

हा फरक दिसण्यासाठी प्रत्येक वेळी किलोमीटरचे रीडिंग खरे लिहायला हवे आणि ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असेच काढायला हवे. फरक दिसला म्हणजे चोरीच झाली असे नाही. चाकात हवा कमी, नोझल खराब, जादा माल, घाटरस्ता, यामुळेही ॲव्हरेज पडते. कार्ड फक्त आकडा दाखवते. त्यामागचे कारण गॅरेजवर आणि चालकाशी बोलूनच शोधावे लागते.

करात फायदा होतो का?

इथे तीन गोष्टींची गल्लत होते.

पहिली, जीएसटी. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीबाहेर आहेत, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. त्यामुळे कार्डाने डिझेल घेतले तरी जीएसटीची वजावट मिळत नाही.

दुसरी, रोखीची मर्यादा. व्यवसायाच्या खर्चापोटी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर आयकरात तो खर्च सहसा मान्य होत नाही. मालवाहतुकीसाठी ३५,००० रुपयांची सवलत आहे, पण ती गाडीवाल्याला भाडे देणाऱ्यासाठी. गाडीवाल्याने पंपावर दिलेल्या पैशांना १०,००० चीच मर्यादा लागते. वरच्या उदाहरणातील १८,००० रुपये एकाच पंपावर एकाच दिवशी रोख दिले, तर अडचण येऊ शकते. कार्डाने दिले तर येत नाही.

तिसरी, अंदाजित उत्पन्नाची योजना. दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या मालकाला ठरावीक दराने उत्पन्न दाखवता येते. १२ टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या गाडीला दर टनामागे महिना १,००० रुपये आणि इतर गाडीला महिना ७,५०० रुपये. ही योजना घेतली की डिझेलचा खर्च वेगळा वजा होत नाही. अशा मालकाने करासाठी कार्ड घेण्यात अर्थ नाही. त्याला उपयोग आहे तो हिशोबाचा.

अडचणी कोणत्या?

- कार्ड त्याच कंपनीच्या पंपावर चालते. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर कोणत्या कंपनीचे पंप जास्त आहेत आणि त्यांच्याकडे मशीन सुरू असते का, हे आधी पाहावे.
- पैसे आगाऊ अडकतात. उधारीवर चालणाऱ्या वाहतूकदाराला हे जड जाते. काही वित्त कंपन्या कार्डावर उधारी देतात, पण त्याचे व्याज मिळणाऱ्या पॉइंटपेक्षा जास्त तर नाही ना, ते मोजावे.
- एका गाडीचे कार्ड दुसऱ्या गाडीला वापरले, किंवा पिन कार्डावरच लिहून ठेवला, तर सगळी व्यवस्था फुकट जाते.
- टाकीत गेलेले डिझेल वाटेत काढून घेतले, तर ते कार्डाला कळत नाही.

मग घ्यावे कोणी?

स्वतःची एकच गाडी स्वतः चालवणाऱ्याला यूपीआय आणि एक वही पुरेशी आहे. कारखान्याच्या उधारीवरच हंगाम काढणाऱ्यालाही घाई नाही. पण दोन-तीन गाड्या, पगारी चालक आणि जिल्ह्याबाहेरच्या फेऱ्या असतील, तर कार्ड कामाचे ठरते. अर्जासाठी साधारणपणे पॅन, पत्त्याचा पुरावा आणि गाडीचे आरसी बुक लागते. जवळच्या पंपावरच चौकशी करता येते.

सुरुवात एका गाडीपासून करावी. तीन महिन्यांचे ॲव्हरेज चालकासमोर मांडून दोघांनी मिळून पाहावे आणि मगच बाकीच्या गाड्यांचा निर्णय घ्यावा.