साठीनंतर पुन्हा रॉक, पण कान सांभाळून

एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्सना ऐकणारे चाळिशीतले श्रोते आज साठी ओलांडून गेले आहेत. मुलं मार्गी लागली, हाताशी वेळ आला, की पावलं पुन्हा अशा कार्यक्रमांकडे वळतात. बँडचा गायक मिक जॅगर २०२४च्या दौऱ्यात ८० वर्षांचा होता. मग श्रोत्यांनी का मागे राहावं? तरुणपणीच्या आठवणी मनात सर्वांत ठळक राहतात, म्हणूनच तेव्हाचं गाणं समोर वाजताना अंगावर काटा येतो.

जपायचे ते कान. आंतरकर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत आणि वयानुसार त्या आधीच घटलेल्या असतात. ८५ डेसिबल आवाजासाठी आठ तासांची मर्यादा सांगितली जाते. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. कार्यक्रम मात्र दोन तास चालतो.

संगीतासाठीचे इअरप्लग सूर फारसा न बिघडवता आवाज उतरवतात. स्पीकरपासून लांब उभं राहावं, अधूनमधून बाहेर यावं. दुसऱ्या दिवशीही कानात गुणगुण राहिली, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावं.