आधी विचारावे, मग बांधावे



धारणी तालुक्यातील एका गावात आपल्या देणगीतून बांधलेली पाण्याची टाकी आहे. बांधकाम पक्के आहे, कुठे गळत नाही, नळही चालू आहेत. पण उन्हाळ्यात मी तेथे गेले तेव्हा नळाखालचा ओटा कोरडा होता. बायका नाल्याच्या वाळूत झिरे खणून वाटी-वाटीने हंडा भरत होत्या.

कारण समजायला वेळ लागला नाही. टाकी शाळेजवळ, रस्त्याच्या कडेला आहे, कारण विटा-सिमेंटचा ट्रॅक्टर तेथपर्यंतच जातो. मोठा टोला मात्र नाल्यापलीकडे आहे. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती दरड उतरायची आणि पुन्हा चढायची, त्यापेक्षा झिरा बरा. एक वयस्कर मावशी घरात कोरकू बोलते, आमच्याशी वऱ्हाडी. ती न रागावता म्हणाली, "टाकी चांगली हाय बाई. पन आमाले कोनं इचारलं?"

मी परत येऊन फाईल काढली. तिच्यात ग्रामसभेच्या ठरावाची प्रत होती, खाली सह्या आणि अंगठे होते. ती प्रत मीच लावली होती. आमच्याच कार्यकर्त्याने वही घेऊन घरोघर फिरून त्या सह्या घेतल्या होत्या. ग्रामसभा कागदावर झाली होती, गावात झालीच नव्हती. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमचाच होता. म्हणून या अंकात ग्रामसभेविषयी लिहीत आहे.

ग्रामसभा म्हणजे काय?

आपल्या मंडळीची वार्षिक सभा डोळ्यांपुढे आणा. जमाखर्च वाचला जातो, पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक मांडले जाते, कोणीतरी उठून विचारतो की छपराच्या दुरुस्तीला एवढा खर्च का. पंच मंडळ काम चालवते, पण त्याला सभेपुढे उत्तर द्यावे लागते. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा यांचे नाते साधारण असेच आहे. पंचायत म्हणजे निवडून दिलेली काही माणसे. ग्रामसभा म्हणजे मतदार यादीतला प्रत्येक जण.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना घटनेत स्थान मिळाले. पण पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रांना ती आपोआप लागू नव्हती. तेथे गावाची स्वतःची रीत असते, तिच्यावर वरून साचा बसवू नये, असा विचार होता. त्यासाठी खासदार दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि डिसेंबर १९९६ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला. त्यालाच आपण 'पेसा' म्हणतो. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, म्हणून मेळघाटात हा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम केले ते मात्र २०१४ साली, म्हणजे कायद्यानंतर सुमारे १७ वर्षांनी.

या कायद्यातील तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, गाव कशाला म्हणायचे. महसुली नोंदीत जे गाव आहे तेवढेच गाव नव्हे. एखादी वस्ती, पाडा किंवा टोला आपल्या रीतीने आपला कारभार चालवत असेल, तर तोही गाव ठरू शकतो. त्याची स्वतःची ग्रामसभा असू शकते.

दुसरी, क्रम. विकासाची योजना पंचायतीने हाती घेण्याआधी ग्रामसभेची मंजुरी लागते. लाभार्थी कोण, हे ग्रामसभा ठरवते. पैसे खर्च झाल्यावर ते योग्य कामी लागले, असा दाखलाही तिनेच द्यायचा असतो. म्हणजे सुरुवातीलाही गाव आणि शेवटीही गाव.

तिसरी, जमीन. प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी आणि लोकांचे पुनर्वसन करण्याआधी गावाशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे.

२०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळते. ती कशावर खर्चायची हे ग्रामसभेने ठरवायचे आहे. तेव्हा सभेला कोण आले, कोण बोलले, हा प्रश्न आता पैशाचाही आहे.

मग अडते कुठे?

मेळघाटात काम करताना मला तीन अडचणी पुन्हा पुन्हा दिसतात.

एक, तारीख. ग्रामसभा बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून होतात. दिवाळीनंतर मेळघाटातील कितीतरी घरांना कुलूप लागते. माणसे परतवाडा, अमरावती, अकोल्याकडे वीटभट्टीवर किंवा शेतमजुरीला जातात. जानेवारीत गावात म्हातारी आणि लेकरे राहतात. ऑगस्टमध्ये निंदणाची घाई असते आणि नाले भरलेले असतात. सगळे गाव घरी असते ते होळीला, कारण कोरकूंचा तोच सर्वांत मोठा सण. वर्षातून किमान किती ग्रामसभा घ्याव्यात हे कायदा सांगतो. त्याहून जास्त घेऊ नयेत, असे तो कुठेही म्हणत नाही.

दोन, भाषा. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, संथाळी आणि मुंडारीच्या नात्यातली भाषा आहे. सभेत मराठीतून "अंदाजपत्रकीय तरतूद" असे वाचले गेले की मागे बसलेल्या बायका मान हलवतात. आम्ही ती मान संमती म्हणून लिहून घेतो.

तीन, बायकांची जागा. ग्रामसभेआधी वेगळी महिला सभा घ्यावी, असा नियम आहे. पाणी भरणारी, सरपण आणणारी, बाळंतपणाला दवाखाना किती दूर आहे हे जाणणारी बाईच असते. ती सभा झाली असती, तर आमची टाकी नाल्याच्या त्या बाजूला बांधली गेली असती.

नीट विचारले तर काय होते?

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे छोटे गोंड गाव वर्षानुवर्षे सर्वांच्या सहमतीने निर्णय घेत आले आहे. निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, माहिती गोळा करतो, मग सभा. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा अनेकांनी ऐकली असेल. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर या गावाला २०१२ मध्ये सुमारे १९२ हेक्टरवर असाच हक्क मिळाला. उजाड झालेली जमीन गावाने राखली, झाडे लावली, आणि तिथली सीताफळे मुंबईच्या बाजारात गेली.

नाही म्हणण्याचे उदाहरण ओडिशाचे आहे. नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटची खाण काढायची की नाही, हे ग्रामसभांनी ठरवावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. त्या पावसाळ्यात १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही सभांनी नकार दिला. खाण झाली नाही.

आपल्याकडे असा सर्वांत अवघड प्रश्न पुनर्वसनाचा. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ साली झाला. या शतकाच्या सुरुवातीपासून बोरी, कोहा, कुंड आणि त्यांच्यामागून इतर गावे जंगलातून निघून अकोला जिल्ह्यातील अकोट भागात वसली. वनहक्क कायदा सांगतो की अशा वेळी ग्रामसभेची मुक्त आणि पूर्ण माहितीवर आधारलेली संमती लेखी हवी. टाकी चुकली तर दुसरी बांधता येते. गाव उठले की परतीचा रस्ता जवळजवळ बंद होतो. तेथे घरोघर फिरवलेली वही चालणार नाही.

शहराचा आराखडा आणि टोल्याचा माणूस

शहरांसाठी आणखी एक कायदा आहे, १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा. त्यात विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते, लोक ठराविक मुदतीत लेखी हरकती देतात, मग सुनावणी होते. मुंबईत २०१५ साली याच मार्गाने हजारो हरकती आल्या आणि सरकारला आराखड्याची फेरतपासणी करावी लागली. म्हणजे रस्ता चांगला आहे. पण तो चालायला राजपत्र आणि वर्तमानपत्र वाचावे लागते, नकाशा समजावा लागतो, अर्ज लिहावा लागतो.

चिखलदरा हे गिरिस्थान आणि भोवतालची शहापूर, मोथा, आलाडोह, लवादा ही गावे यांच्या नियोजनाचे काम सिडकोकडे दिलेले आहे. म्हणजे हॉटेल कुठे, रस्ता कुठे, हिरवा पट्टा कुठे, हे प्रश्न आता आपल्या डोंगरावरही आले आहेत. १९६६चा कायदा एकेकट्या माणसाची लेखी हरकत मागतो. पेसा म्हणतो, सगळे गाव एकत्र बसून बोलू दे. या दोहोंची सांगड घातली पाहिजे, असे मला वाटते. नकाशा गावात यावा, जमिनीवर रांगोळीने काढून दाखवावा, कोरकूत समजावून सांगावा. सुनावणी टोल्यावर व्हावी, आणि ज्यांनी नाही म्हटले त्यांचे म्हणणेही ठरावात लिहिले जावे. कायद्यात यासाठी मोठी उलथापालथ लागत नाही. ऐकण्याची जागा तेवढी बदलावी लागते.

आपण काय करायचे?

आम्ही आमचा नियम बदलला आहे. आता टोल्याची सभा झाल्याशिवाय प्रस्ताव लिहीत नाही. आधी महिला सभा, तीही कोरकूत. सभेची तारीख गाव ठरवते. सह्या सभेतच होतात, वही घरी जात नाही. यामुळे कामाला उशीर होतो. वर्षअखेरीच्या अहवालात आकडे कमी दिसतात. ते पाहून निराश होऊ नका, एवढी विनंती आहे.

दुसरी विनंती देणगीविषयी. "आईच्या स्मरणार्थ एक टाकी" असे पत्र येते तेव्हा त्यातले प्रेम आम्हाला कळते. पण शक्य असेल तर "एक टाकी" ऐवजी "गावाला जे हवे ते" असे लिहा. आणि भेटीला आलात की टाकी किती लिटरची, हे विचारण्याआधी ही जागा कोणी ठरवली, ते विचारा.

त्या गावात होळीनंतर सभा झाली. आम्ही दुसऱ्या टाकीचा अंदाज करून गेलो होतो. दुपार कलंडेपर्यंत बोलणे चालले आणि टाकी कोणीच मागितली नाही. पलीकडच्या टोल्यात एक जुनी विहीर आहे, गाळाने भरलेली. तिचा गाळ काढावा, कठडा बांधावा आणि नाल्यावर लेकरांना शाळेत जाता येईल असा लहान रपटा घालावा, एवढेच मागणे होते. खर्च टाकीपेक्षा कमी आला. गाळ गावानेच काढला.

रपट्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावायला जागा नाही. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून जाते. पाणी ओसरले की मुले त्याच्यावरूनच शाळेत जातात.