‘मला आवडत नाही’ : बालगंधर्वांच्या निमित्ताने एका वाक्यरचनेचा विचार

सर्वांना प्रिय असलेल्या एखाद्या गायकाचे गाणे आपणांस आवडत नाही, हे चारचौघांत बोलून दाखविण्याचा प्रसंग पुष्कळांवर येतो. प्रस्तुत लेखकावर तो बालगंधर्वांच्या संबंधात लहानपणीच आला. नागपुरातील आमच्या घरी नाट्यसंगीताच्या ध्वनिफिती होत्या. रविवारी सकाळी त्या लागल्या की वडील मंडळी हातातले काम बाजूला ठेवून बसत आणि मी उठून अंगणात जात असे. का उठतोस, असे विचारले असता मी जे उत्तर देई ते तीन शब्दांचे होते : ‘मला आवडत नाही.’ त्यावर आजोबांचे प्रत्युत्तरही तीनच शब्दांचे असे : ‘तुला कळत नाही.’ या दोन वाक्यांची घडण तंतोतंत सारखी आहे. असे असता दुसऱ्या वाक्यापुढे पहिले निरुत्तर का होते, हे कोडे पुढे भाषाशास्त्राच्या अभ्यासाकडे वळल्यावरही मनातून गेले नाही. त्याचाच येथे थोडा विचार करावयाचा आहे.

बालगंधर्वांच्या योग्यतेविषयी नव्याने काही सांगण्याची आवश्यकता नाही. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) हे १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले. ‘मानापमान’ (१९११) मधील भामिनी, गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेनंतर (१९१३) ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू या त्यांच्या भूमिकांनी एका पिढीची रसिकता घडविली. यांपैकी शेवटच्या नाटकाचे कर्ते राम गणेश गडकरी हे नागपूरजवळील सावनेर येथे १९१९ च्या जानेवारीत निवर्तले. आपली सिंधू रंगभूमीवर आलेली त्यांनी पाहिली नाही. बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले, पुण्यातील नाट्यगृहास त्यांचे नाव दिले गेले आणि २०११ साली त्यांच्या जीवनावर चित्रपटही निघाला. अशा कलावंताविषयी ‘आवडत नाही’ असे म्हणणाऱ्याकडे लोक ज्या दृष्टीने पाहतात, ती दृष्टी वाचकांच्या परिचयाची असेलच.

आता रचनेकडे वळू. ‘मला गाणे आवडते’ या वाक्यात क्रियापद ‘गाणे’ या पदाप्रमाणे चालते. गाणे आवडते, गाणी आवडतात. आवडण्याचा अनुभव ज्याला येतो तो मात्र ‘ला’ प्रत्यय घेऊन चतुर्थीत बसतो. संस्कृतातही अशीच व्यवस्था आहे. रुच् धातूच्या अर्थाची क्रियापदे असता ज्याला प्रीती वाटते त्यास पाणिनीने संप्रदान अशी संज्ञा दिली आहे (१.४.३३). दान ज्याला द्यावयाचे तोही संप्रदानच. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने आवडणारा मनुष्य काही करीत नाही. त्याच्याकडे काही येते, किंवा येत नाही. तरीही तो वाक्यात केवळ पाहुणा आहे असे नव्हे. ‘रमेला आपले गाणे आवडते’ या वाक्यातील ‘आपले’ रमेकडे निर्देश करते. ‘ते गाणे ऐकून मला कंटाळा आला’ यात ऐकणारा आणि कंटाळणारा मीच आहे. कर्त्याचे हे अधिकार चतुर्थीतल्या पदाकडे राहतात. प्रत्ययापुरता तेवढा तो कर्ता नसतो. कॉलिन मसिका यांनी १९७६ मध्ये दक्षिण आशियाच्या भाषाक्षेत्राचा जो विचार मांडला, त्यात या रचनेला महत्त्वाचे स्थान आहे. इंग्रजीतील ‘लाइक’ हे क्रियापदही पूर्वी असेच होते. जे आवडते ते कर्ता आणि ज्याला आवडते तो चतुर्थीत. मध्ययुगानंतर ती व्यवस्था तेथे मोडली आणि आवडणारा मनुष्य कर्त्याच्या आसनावर जाऊन बसला. मराठीत तो अद्याप उंबरठ्यावरच आहे.

या गोष्टीचा रसविचाराशी निकटचा संबंध आहे. कांट याने १७९० साली ‘निर्णयशक्तीच्या मीमांसे’त एक साधा दाखला घेतला आहे. कॅनरी बेटांवरील मद्य सुखद आहे असे कोणी म्हणाले आणि ‘तुला सुखद आहे असे म्हण’ अशी दुसऱ्याने दुरुस्ती केली, तर ती त्याने आनंदाने मान्य करावी. परंतु एखादी वस्तू ‘मला सुंदर आहे’ असे कोणी म्हटले तर ते हास्यास्पद होईल. कारण सुंदर म्हणताना आपण इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो. कांटला जी दुरुस्ती सुचवावी लागली ती मराठीत व्याकरणानेच आधी करून ठेवली आहे. ‘आवडते’ म्हटले की कोणाला, हा प्रश्न येतोच. ‘गोड आहे’, ‘अलौकिक आहे’ म्हटले तर तो येत नाही. बालगंधर्वांचे भक्त दुसऱ्या प्रकारच्या विधेयांत बोलतात, न आवडणारा पहिल्या प्रकारच्या. त्यामुळे वाद सुरू होण्यापूर्वीच एकजण जगाविषयी आणि दुसरा केवळ स्वतःविषयी बोलत असतो. अलीकडे, विशेषतः पीटर लेझरसन यांच्या २००५ मधील लेखापासून, अशा रुचिवाचक विधेयांवर अर्थविचारात बरीच चर्चा झाली आहे. दोघांचे मत भिन्न आहे आणि दोघांपैकी कोणीही चुकत नाही, अशी स्थिती शक्य आहे काय, हा त्या चर्चेतील मुख्य प्रश्न होय.

आजोबांनी मात्र ही स्थिती शक्य ठेवली नव्हती. ‘कळणे’ हेही चतुर्थी घेणारेच क्रियापद. पण त्याच्या पोटात एक गृहीत असते. ‘गाणे आवडत नाही’ या वाक्यात गाणे आहे एवढेच धरलेले आहे. ‘गाणे कळत नाही’ यात गाण्यात कळण्याजोगे काही आहे, हेही धरलेले आहे. आणि वाक्य नकारार्थी केले तरी ते गृहीत हलत नाही. गुण सिद्ध करण्याचे ओझे बोलणाऱ्यावर पडतच नाही. उणीव तेवढी ऐकणाऱ्याच्या पदरी पडते. शिवाय आवडीचा साक्षी जो तो स्वतःच असतो, परंतु कळण्याचा निवाडा दुसरा करू शकतो. ‘मला यमन कळतो असे वाटे, पण तसे नव्हते’ हे वाक्य कोणीही स्वाभाविकपणे बोलेल. ‘मला यमन आवडतो असे वाटे, पण तसे नव्हते’ हे ऐकणारा क्षणभर थबकतो. (ते अशक्य मात्र नव्हे. समुदायात बसून आवडल्याची समजूत होऊ शकते, हे संगीतसभांना जाणाऱ्यांस सांगावयास नको.)

या प्रत्युत्तराला उत्तर एकच, आणि ते दीर्घ मुदतीचे : ‘कळते, पण आवडत नाही.’ ते देता यावे म्हणून मी पुष्कळ ऐकले. ‘मानापमान’च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि ‘स्वयंवर’च्या भास्करबुवा बखल्यांच्या, दोन्हींतून बालगंधर्व पद कसे उलगडतात, तालाच्या अंगाने शब्द कसा मागेपुढे करतात, एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना स्वर तुटू न देता कसे सरकतात, हे आता दाखवून देता येईल. वर्गात मी ते दाखवितोही. ज्या आर्जवी लडिवाळपणाने इतरांचे डोळे पाणावतात, तो मला अजूनही सोसत नाही.

‘सोसत नाही’ हे बोलून गेलो ते एका परीने बरे झाले. नावडीसाठी मराठीत शब्दांची मोठी रांग आहे आणि त्यांतील छटा सूक्ष्म आहेत. ‘पटत नाही’ याला कारण द्यावे लागते, ‘खटकते’ याला जागा दाखवावी लागते, ‘भावत नाही’ यात दोष आपल्याकडे घेण्याची सभ्यता आहे. ‘ऐकवत नाही’ हे शक्य क्रियापद तर असमर्थताच कबूल करते. त्याचे खंडन करता येत नाही, परंतु बोलणाऱ्याकडे लोक आजाऱ्याकडे पाहावे तसे पाहतात. काळाचाही फरक पडतो. ‘आजचे गाणे आवडले नाही’ हे मैफलीबाहेर सहज बोलता येते, कारण ते एका सायंकाळीपुरते आहे. ‘आवडत नाही’ हा रीतिवर्तमान स्वभावाविषयी बोलतो आणि म्हणून महाग पडतो. आदरार्थी अनेकवचनाचीही एक गंमत आहे. चाहता जवळिकीने ‘लता गाते’ असे एकवचनात बोलू शकतो. ज्याला आवड नाही त्याला तेच एकवचन वापरता येत नाही, ते उर्मटपणाचे होते. मीदेखील आजवर ‘बालगंधर्व आवडत नाहीत’ असेच म्हणत आलो. नावड असणाऱ्याला शिष्टाचार अधिक पाळावा लागतो.

कित्येकजण यातून निराळी वाट काढतात : आपली नावड ते दुसऱ्याच्या आवडीच्या रूपाने सांगतात. मास्टर दीनानाथांची आक्रमक, झेपावणारी गायकी पूर्वीपासून या कामी आली आहे. दीनानाथ आवडतात असे म्हटले की जाणता श्रोता पुढचे समजून घेई. आमच्या विदर्भातील वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांच्या गाण्यात दीनानाथांचा ठसा होता, त्यामुळे नागपुरात ही सोय अधिकच होती.

उलट बाजूने पाहिल्यास कुमार गंधर्वांनी आपल्या कार्यक्रमाला दिलेले ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हे नाव अभ्यसनीय आहे. कुमारांच्या स्वतःच्या गाण्यावर घराण्यांच्या अभिमान्यांनी कमी आक्षेप घेतले नव्हते. इतक्या अधिकाराचा गायक भक्तीने बालगंधर्व गातो, आणि नावात ‘मला’ हे चतुर्थीतले पद ठेवतो. ते काढून ‘बालगंधर्व’ एवढेच ठेवले असते तर कोणी हरकत घेतली नसती. पण दावा कितीतरी मोठा झाला असता.

‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. नावड आधी आणि चव नंतर, असा तिचा अर्थ आपण करतो. मला तिच्यातील लोप अधिक लक्षणीय वाटतो. राणी नावडती आहे ती राजाला. परंतु ‘नावडती’ असे विशेषण झाले की राजाला उद्देशणारी चतुर्थी गळून पडते आणि नावड हा जणू त्या स्त्रीचाच गुण ठरतो. ‘लोकप्रिय’, ‘सर्वांचे लाडके’ या विशेषणांतही कोणाला, हा प्रश्न असाच झाकला जातो. ‘सर्व’ या शब्दात कोण कोण मोजले आहे ते कोणी तपासून पाहत नाही.

आमच्या घरी ते तपासले गेले फार उशिरा. आजी मूळची अकोल्याकडची. घरातल्या घरात ती वऱ्हाडीच बोले. आजोबा गेल्यानंतर एका रविवारी कोणीतरी त्यांची आठवण म्हणून ती ध्वनिफीत लावली. मी सवयीने उठलो, तेव्हा आजी म्हणाली, ‘बंद कर ना. मले बी नाही आवडत.’ इतकी वर्षे तिला कोणी विचारले की ती ‘यायले लय आवडते’ असे सांगे, आणि ती होकारच देत आहे असे आम्ही सर्वजण धरून चाललो होतो. त्या वाक्यातील चतुर्थी तिची स्वतःची नव्हती, हे माझ्याही लक्षात आले नव्हते.