गोंदण, लेप आणि ‘कोलॅजन’

नंदुरबार जिल्ह्यातील बोलींचा अभ्यास करणाऱ्यास शब्दांबरोबर ते बोलणारी माणसेही पाहावी लागतात. सातपुड्यातील एखाद्या पाड्यावर वृद्ध भिल्ल स्त्री बोलू लागली म्हणजे तिच्या कपाळावरील व हातांवरील गोंदणाकडे लक्ष गेल्यावाचून राहत नाही. तिची नात आता महाविद्यालयात शिकते आणि तिच्या बोलण्यात ‘कोलॅजन’ हा नवा शब्द येतो. ‘चोविसावे वर्ष लागले, आता कोलॅजनसाठी काय घ्यावे?’ असा प्रश्न आमच्या विद्यार्थिनी, आणि अलीकडे विद्यार्थीही, विचारू लागले आहेत. प्रश्न त्वचेचा असला तरी निवड बहुधा शब्दाच्या मोहाने होते. तेव्हा भाषेच्या अभ्यासकाने त्याचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम शब्द पाहू. ग्रीक भाषेत ‘कोल्ला’ म्हणजे सरस. ‘कोलॅजन’ म्हणजे सरस उत्पन्न करणारे द्रव्य. जनावरांची कातडी व हाडे शिजवून सुतार जो सरस वापरीत, तो याच द्रव्यापासून होतो. म्हणजे जाहिरातीत तेजोमय भासणारा हा शब्द मुळात सुताराच्या कामठ्यातील आहे. त्याची रचना उलगडण्याचा मान मात्र आपल्या देशाकडे जातो. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली असे दाखविले की, कोलॅजनचा रेणू तीन पेड एकत्र वळलेल्या दोरीसारखा असतो. अशा दोऱ्यांच्या जुड्या त्वचेच्या आतल्या थरात विणलेल्या असतात; त्या थराच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कोलॅजनचाच असतो. त्वचेचा घट्टपणा त्यांवर अवलंबून असतो.

येथे गोंदणाचा दृष्टान्त उपयोगी पडतो. त्वचेचा वरचा थर सुमारे महिन्याभरात झडून नवा होतो. तरीही आजीचे गोंदण साठ वर्षे टिकते, याचे कारण सुईने रंग वरच्या थराखाली, कोलॅजनच्या विणीत नेऊन ठेवलेला असतो. वरून लावलेली हळद चार दिवसांत जाते. आत गेलेला रंग जन्मभर राहतो. यावरून हे ध्यानात येईल की, ‘त्वचेवर’ आणि ‘त्वचेत’ या दोन रूपांत मोठे अंतर आहे.

या अंतरावरच बाजारातील पुष्कळ वस्तूंची परीक्षा करता येते. कोलॅजनच्या रेणूचे वजन सुमारे तीन लाख डाल्टन. अखंड त्वचेतून आत शिरू शकणारे रेणू सामान्यतः पाचशे डाल्टनच्या आतले असतात. तेव्हा कोलॅजनचा लेप त्वचा ओलसर व मऊ राखील, पण आतील दोरीत एक पेडही वाढविणार नाही. पोटात घ्यावयाच्या भुकटीचे पचन इतर प्रथिनांप्रमाणेच होते. तिच्यासंबंधीच्या २३ चाचण्यांचे एकत्रित परीक्षण २०२५ साली प्रसिद्ध झाले. उद्योगांच्या अर्थसाहाय्यावाचून झालेल्या चाचण्यांत लाभ दिसून आला नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मग खरोखर उपयोगी काय? कोलॅजन वाढविण्यापूर्वी असलेले राखावे, हे पहिले उत्तर होय. तारुण्यापासून ते हळूहळू घटतच असते. परंतु सूर्याची अतिनील किरणे व धूम्रपान यांमुळे ही घट फार वेगाने होते. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवर दिवसभर उन्हात राबणाऱ्या स्त्रियांना हे निराळे सांगावयास नको. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे ९०३ प्रौढांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नित्य ऊनरोधक मलम लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य साडेचार वर्षांत इतरांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. डोक्यावरचा पदर, रुमाल व सावली यांचे मोलही त्याच जातीचे आहे. शरीरात कोलॅजनची दोरी वळली जाण्यास ‘क’ जीवनसत्त्व लागते; ते आवळ्यातून व पेरूतून सहज मिळते.

दुसरे साधन ट्रेटिनॉइनचे. या औषधाने आतील कोलॅजनची निर्मिती वाढते, यास चांगला पुरावा आहे. परंतु ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे, आणि गर्भारपणात टाळावे. तिसरे साधन बारीक सुयांचे व लेझरचे. सुयांचा उपचार म्हणजे एका अर्थी रंगावाचूनचे गोंदण होय : मोजून जखम करावयाची आणि ती भरताना नवे कोलॅजन तयार होऊ द्यावयाचे. मुरुमांच्या खड्ड्यांवर त्याचा उपयोग होतो. मात्र ज्याच्या त्वचेस असा दोष नाही, त्या विशीतल्या माणसास त्यातून फारसे मिळण्याजोगे नाही. उलट आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर जखमेनंतर काळे डाग राहण्याचा धोका अधिक असतो. सुई निर्जंतुक नसेल तर जत्रेतील गोंदणाइतकेच भय सौंदर्यगृहातही आहे.

सर्वांत मोठी हानी निराळ्याच वस्तूने होते. ‘गोरेपणाचे मलम’ म्हणून बीटामेथासोनसारख्या स्टिरॉइडची मलमे चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली जातात. प्रारंभी चेहरा उजळतो. परंतु ही द्रव्ये कोलॅजनची निर्मितीच रोखतात. त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मलम सोडताच दाह उसळतो. म्हणजे कोलॅजन वाढविण्याच्या इच्छेने निघालेली व्यक्ती ते स्वतःच्या हाताने घालवून बसते. असे मलम पूर्वीपासून चालू असल्यास ते एकाएकी न सोडता त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे.

शेवटी आमच्या शास्त्रातील एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. वेष्टनावरील क्रियापद पाहावे. ‘त्वचा तरुण दिसते’ आणि ‘त्वचा तरुण होते’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. कायदाही सौंदर्यप्रसाधन व औषध यांत याच धर्तीचा भेद करतो : रूप साजविणारे ते प्रसाधन, रोग बरा करणारे ते औषध. चतुर जाहिरात ‘दिसते’ असे लिहिते आणि वाचणाऱ्याच्या मनात ‘होते’ उमटविते. आजीने गोंदवून घेतले तेव्हा सुई कोठवर जाणार आणि खूण किती काळ राहणार, हे तिला ठाऊक होते. नातीने पैसे मोजण्यापूर्वी तेवढेच दोन प्रश्न विचारावेत : हे कोठवर जाते, आणि काय करते? त्यांची सरळ उत्तरे जेथे मिळत नाहीत, तेथून परत फिरणेच श्रेयस्कर.